शिक्षकाला ओव्हरटाइम का मिळत नाही? आणि किमान वेतनाचं काय?

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने चार नव्या कामगार संहिता देशभर लागू केल्या. त्यातल्या वेतन संहितेबद्दल दोन गोष्टी सगळीकडे छापून आल्या: किमान वेतन आता ठरावीक उद्योगांपुरतं राहिलेलं नाही, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम केलं तर दुप्पट दराने पैसे. शाळाशाळांच्या स्टाफरूममध्ये लगेच प्रश्न आला, मग हे आम्हालाही का?

थोडक्यात उत्तर असं, की शिक्षकांना हे मिळेलच असं आज छातीठोकपणे सांगता येत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांतले न्यायालयाचे निकाल पाहिले तर पारडं ‘नाही’कडेच झुकतं. शाळेतल्या शिपायाला किमान वेतनाचं संरक्षण मिळू शकतं, त्याच शाळेतल्या शिक्षिकेला नाही, हे ऐकून बहुतेकांचा विश्वासच बसत नाही. पण कायदा खरोखर असाच चालत आला आहे. हे कसं झालं आणि बदलायचं तर कुठे बदलावं लागेल, ते क्रमाने पाहू.

आधी पाया: किमान वेतन आणि ओव्हरटाइम

किमान वेतन म्हणजे सरकारने ठरवून दिलेला असा आकडा, ज्याच्या खाली मालकाला पगार देता येत नाही. कामगाराने स्वतः ‘मला कमी चालेल’ असं लिहून दिलं तरी ते चालत नाही. गरजेपोटी माणूस कशालाही हो म्हणतो, हे गृहीत धरूनच हा कायदा झाला. आपल्याकडे तो 1948 साली आला.

ओव्हरटाइम त्याच कायद्याचा भाग होता, आणि हा धागा अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्याचं किमान वेतन ठरलेलं आहे, त्याच्या कामाच्या दिवसाचे तासही ठरतात, आणि त्या तासांवर काम झालं की जादा दराने मोबदला द्यावा लागतो. नव्या संहितेत हा दर नेहमीच्या दराच्या निदान दुप्पट आहे. म्हणजे किमान वेतनाच्या कायद्याने ज्याला बाहेर ठेवलं, तो त्यातल्या ओव्हरटाइमच्या तरतुदीलाही मुकतो.

अडचण पगाराच्या आकड्यात नाही, व्याख्येत आहे

प्रत्येक कामगार कायद्याच्या सुरुवातीला एक व्याख्या असते: या कायद्यापुरता ‘कर्मचारी’ कोण. एखाद्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या हातात पाहुण्यांची यादी असते, तसंच हे. तुम्ही कितीही मोठे असा, यादीत नाव नसेल तर वॉचमन आत सोडत नाही, आणि त्यात त्याचा काही राग-लोभही नसतो.

1948 च्या कायद्यातल्या यादीत कामाचे प्रकार होते ते कुशल किंवा अकुशल, अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम. शिकवणं यातल्या कुठल्या खान्यात बसतं? सामान्य माणूस म्हणेल, कुशल काम, यात विचारायचं काय! डी.एड., बी.एड., पात्रता परीक्षा, एवढं सगळं करून जे काम मिळतं ते कुशल नाही तर काय? न्यायालयाने मात्र तसं म्हटलं नाही.

करंझाळेच्या शाळेतून सुरू झालेला खटला

गोव्यात करंझाळे इथल्या एका शाळेने 1975 साली एका शिक्षिकेला कामावरून कमी केलं. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली, म्हणजे मालक आणि कामगारांमधल्या वादांच्या कायद्याखाली, दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1988 मध्ये निकाल लागला.

1978 च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ ठरू शकतो असं म्हटलं होतं. त्यामुळे शाळा उद्योगात मोडते हे न्यायालयाने मान्य केलं. पण पुढचा प्रश्न असा होता, की त्या उद्योगात काम करणारी शिक्षिका ‘कामगार’ आहे का? न्यायालय म्हणालं, नाही. शिकवणं हे कुशल किंवा अकुशल अंगमेहनतीचं काम नाही, देखरेखीचं नाही, तांत्रिक नाही, कारकुनीही नाही. शिक्षक मुलांचं चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व घडवतात. ते एक ध्येयकार्य आहे, उदात्त पेशा आहे. हजेरी, निकालपत्रकं असं कारकुनी काम त्यांना करावं लागत असेल, पण ते आनुषंगिक.

ही वाक्यं वाचताना शिक्षकाविषयीचा आदर जाणवतो, आणि तो खोटा नव्हता. न्यायालयाने शिक्षकांच्या नोकरीला वेगळ्या कायद्याने संरक्षण मिळावं असंही सुचवलं होतं. तरीही परिणाम उरतो तो उरतोच: काम उदात्त म्हणून कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणून कामगार न्यायालयाची वाट बंद.

हरियाणाने प्रयत्न केला, तो टिकला नाही

हरियाणा सरकारने खासगी शाळा आणि शिकवणी वर्ग किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे तो कायदा लागू होणाऱ्या कामांच्या यादीत, घातले आणि शिक्षकांचंही किमान वेतन ठरवलं. मान्यता नसलेल्या शाळांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. तर्क तोच: शिक्षक 1948 च्या कायद्याच्या व्याख्येतल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, त्यामुळे राज्य सरकारला या कायद्याखाली त्याचं किमान वेतन ठरवता येणार नाही.

शिपाई, चालक, सफाई कामगार, लिपिक हे मात्र व्याख्येत बसतात. सुरुवातीला म्हटलेली विसंगती इथून आली.

माझ्या मते हा निकाल सगळ्यात जास्त नुकसानीचा ठरला. 1988 चा निकाल नोकरीवरून काढण्याबद्दल होता, आणि त्यासाठी पुढे वेगळे कायदे झाले किंवा आधीच होते. 1996 च्या निकालाने ज्यांचा पगार सगळ्यात कमी, त्या लहान खासगी शाळांतल्या शिक्षकांवरचं एकमेव संभाव्य छप्पर काढून घेतलं.

‘शिक्षक’ म्हणजे नेमका कोण?

या विषयावरचा निम्मा गोंधळ सगळे शिक्षक एकाच मापात धरल्याने होतो. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि पूर्ण अनुदानित शाळांतल्या कायम शिक्षकांना वेतन आयोगाप्रमाणे पगार आहे. त्यांना किमान वेतन कायद्याची गरज नाही. त्यांचा प्रश्न जादा कामाचा आहे.

नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. ही योजना राज्यात 2000 साली आली. त्यात पगार नसतो, मानधन असतं. बरीच वर्षं ते प्राथमिकला 6,000, माध्यमिकला 8,000 आणि उच्च माध्यमिकला 9,000 रुपये होतं. 2023 मध्ये ते अनुक्रमे 16,000, 18,000 आणि 20,000 झालं. सरकार स्वतःच नेमणूक करतं आणि स्वतःच पदवीधर, प्रशिक्षित, परीक्षा पास झालेल्या माणसाला महिना 6,000 देतं, हे दशकभर चाललं. खासगी संस्थाचालकांना याहून सोयीचं उदाहरण दुसरं कुठलं मिळणार होतं?

मग येतात विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक. वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांनी अनुदान येतं, आणि त्या टप्प्यांसाठी ते वर्षानुवर्षं आझाद मैदानावर बसतात. 2025 च्या जुलैतही बसले होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे, तयारीचे नाहीत, सुट्टीचे नाहीत. आणि सगळ्यात खाली मान्यता नसलेल्या शाळा, प्लेग्रुप आणि खासगी क्लासमधल्या शिक्षिका. हो, शिक्षिकाच, कारण इथे बहुतेक बायका असतात, आणि ‘घरबसल्या वेळ जातो, तेवढाच हातभार’ हे वाक्य त्यांच्या पगाराचं समर्थन म्हणून सर्रास वापरलं जातं.

एका तासाचे किती रुपये पडतात

शिक्षकाच्या कामाचे तास कायद्यात नाहीत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे तास दिले आहेत: तयारीचा वेळ धरून किमान 45. वर्षाचे कामाचे दिवस पहिली ते पाचवीला 200 आणि सहावी ते आठवीला 220.

आठवड्याला 45 म्हणजे महिन्याला साधारण 195 तास. आता भागाकार करू. 8,000 रुपयांवर काम करणाऱ्या शिक्षिकेला तासाला 41 रुपये पडतात. शिक्षण सेवकाला आजच्या 16,000 च्या दराने 82 रुपये, आणि 2023 च्या आधीच्या 6,000 च्या दराने 31 रुपये सुद्धा पूर्ण नाहीत.

हे झाले नियमातले 45 तास. प्रत्यक्षात काय होतं ते परीक्षेच्या आठवड्यात दिसतं. एका विषयाच्या शिक्षिकेकडे पाच तुकड्या आणि तुकडीत 45 मुलं धरली, तर एका चाचणीच्या 225 उत्तरपत्रिका झाल्या. एकेका पेपरला सहा मिनिटं दिली तर साडेबावीस तास होतात, निव्वळ तपासण्याचे. मग गुणांची बेरीज, पोर्टलवर भरणं, पालकसभा. शाळेत मोकळे तास दोन-तीन, तेही बदली तासात जातात, त्यामुळे गठ्ठा घरी येतो. रात्री जेवणं उरकल्यावर तो उघडायचा आणि झोप येईपर्यंत लाल पेन चालवायचं. हा वेळ कुठल्याही हजेरीपत्रकात नसतो.

त्यात शाळाबाह्य कामं आहेत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई करतं, पण तीन अपवाद ठेवून: दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. अपवाद छोटे वाटतात. पण मतदारयाद्यांसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून नेमलेला शिक्षक वर्षभर घरोघरी फिरतो. त्याचं वार्षिक मानधन 6,000 रुपये होतं, ते निवडणूक आयोगाने 2025 मध्ये 12,000 केलं. म्हणजे वाढल्यावर महिन्याला 1,000 रुपये. 2027 च्या जनगणनेतही घरांच्या दारात उभे राहणारे बरेच जण शिक्षकच.

माझ्या मामेबहिणीने मागे तिचं नेमणूकपत्र मला दाखवलं होतं. जूनमध्ये रुजू आणि 30 एप्रिलला नेमणूक संपुष्टात, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे मे महिन्याचा पगार नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर, त्यामुळे सेवा सलग धरली जात नाही. तिला याचं काही वाटेनासं झालं होतं. ‘सगळीकडे असंच असतं दादा,’ म्हणाली. आणि खरंच, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, किंवा खात्यात पूर्ण पगार जमा आणि त्यातला काही भाग रोख परत, या तक्रारी कुठल्याही जिल्ह्यात ऐकायला मिळतात.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीत हे बदललं, ते कसं?

‘न्यायालयाने म्हटलंय ना, मग आता काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हा भाग जरूर लक्षात घ्यावा.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना मिळणारी एकरकमी रक्कम. दर वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांचा पगार. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही ‘कर्मचारी’ची तशीच व्याख्या होती, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या खटल्यात तेच सांगितलं: शिक्षक त्यात बसत नाहीत. मात्र शिक्षकांना आत घ्यायचं असेल तर ते काम कायदेमंडळाचं आहे, हेही निकालातून स्पष्ट झालं.

संसदेने ते मनावर घेतलं. 2009 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, व्याख्या रुंद केली, आणि ती मागे जाऊन 3 एप्रिल 1997 पासून लागू केली. खासगी शाळांच्या संघटना विरोधात न्यायालयात गेल्या. इतक्या मागच्या काळाचा बोजा कसा पेलणार, हा त्यांचा मुद्दा होता. ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली आणि शाळांना थकीत ग्रॅच्युइटी व्याजासह द्यायला सांगितली.

भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) गोष्ट तर त्याहून सोपी. 1952 च्या त्या कायद्यात ‘कोणत्याही प्रकारचं काम, अंगमेहनतीचं किंवा अन्य’ असे सैल शब्द होते. 1982 मध्ये शिक्षणसंस्था त्यात आल्या तेव्हा शिक्षकांसाठी वेगळा वाद घालावा लागला नाही.

शिक्षक तोच, शाळा तीच. एका कायद्यात तो कर्मचारी आहे, दुसऱ्यात नाही. फरक फक्त व्याख्येच्या ओळीचा.

मग नव्या वेतन संहितेने काय केलं?

2019 च्या वेतन संहितेने यादी वाढवली. कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचं, कार्यचालनाचं, देखरेखीचं, व्यवस्थापकीय, प्रशासकीय, तांत्रिक किंवा कारकुनी काम. मुख्याध्यापकाचं काम प्रशासकीय म्हणता येईल. शिकवण्याचा उल्लेख मात्र याही यादीत नाही.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जवळपास हीच यादी आहे, पण तिच्या शेवटी ‘किंवा अन्य कोणतंही काम’ हे शब्द आहेत. पीएफ, ग्रॅच्युइटी त्या संहितेत येतात, त्यामुळे तिथे शिक्षक आत आहे. वेतन संहितेत तेच शब्द नाहीत. दोन्ही संहिता एकाच दिवशी लागू झाल्या.

याचे दोन अर्थ काढता येतात. शिक्षकांच्या बाजूचा वकील म्हणेल, यादी इतकी रुंद झाली आहे की प्रशिक्षित शिक्षकाचं काम ‘कुशल’ नाही असं म्हणणं आता टिकणार नाही, आणि किमान वेतन सर्वांना देण्याचा संहितेचा हेतू उघड आहे. शाळेच्या बाजूचा वकील म्हणेल, जुने निकाल संसदेला ठाऊक होते, तरी तिने शब्द घातले नाहीत, याचा अर्थ घालायचे नव्हते. मला पहिली बाजू न्याय्य वाटते. पण दुसरी कच्ची आहे असं म्हणणं म्हणजे शिक्षकांची दिशाभूल होईल.

तिसरी वाट त्याच व्याख्येत आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. समुचित सरकार (म्हणजे त्या कामापुरतं अधिकार असलेलं केंद्र किंवा राज्य सरकार) ज्याला कर्मचारी म्हणून जाहीर करेल, तोही कर्मचारी धरला जातो, असं वेतन संहितेत लिहिलं आहे. म्हणजे राज्याने ठरवलं, तर संसदेत दुरुस्ती व्हायची वाट न पाहता अधिसूचनेने शिक्षकांना आत घेण्याचा मार्ग आहे. हरियाणाला 1996 मध्ये जे जमलं नाही, त्यासाठी आज निदान भक्कम आधार आहे.

‘पण शिक्षकांना सुट्ट्या किती असतात!’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो. कायम नोकरीतल्या शिक्षकाला उन्हाळ्याची आणि दिवाळीची पगारी सुट्टी मिळते, हे खरं आहे. ओव्हरटाइमचा विचार करताना वर्षाचे एकूण तास बघा असं कोणी म्हटलं तर ते रास्तच आहे. पण ज्याची नेमणूक एप्रिलमध्ये संपते किंवा ज्याला तासिकेवर पैसे मिळतात, त्याची सुट्टी बिनपगारी असते. त्याला सुट्टी दाखवून किमान वेतन नाकारणं हा उलटा न्याय झाला.

‘शिक्षकाचे तास मोजणार कसे?’

मोजणारे मोजतात. इंग्लंडमध्ये सरकारी वेतननियमांनुसार शाळा शिक्षकाला वर्षाला 195 दिवसांत जास्तीत जास्त 1,265 तास सांगेल ते काम लावू शकते. बैठका, पालकसभा सगळं त्यात धरायचं. तपासणी आणि तयारी त्याबाहेर राहते, ही त्यातली उणीव. पण ‘मोजताच येत नाही’ हा मुद्दा तरी निकालात निघतो.

जपानने वेगळी वाट धरली. 1971 च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना ओव्हरटाइम नाही, त्याऐवजी मूळ पगाराच्या चार टक्के सरसकट भत्ता. हा आकडा 1966 च्या पाहणीवर बेतलेला होता. तेव्हा जादा काम महिन्याला आठेक तास भरलं होतं. पुढे काम कितीतरी पटीने वाढलं, चार टक्के तसेच राहिले. शिक्षकी पेशाकडे तरुण फिरकेनात, तेव्हा 2025 मध्ये कायदा बदलून भत्ता टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर न्यायचं ठरलं. आपल्याकडे उद्या कोणी ‘ओव्हरटाइम नको, सरसकट भत्ता देऊ’ म्हणालं तर जपानची ही पन्नास वर्षं आठवावीत. काम वाढवायला मर्यादा उरत नाही, कारण वाढवणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नाही.

अमेरिकेतही शिक्षक ओव्हरटाइमबाहेर आहेत. तिथल्या 1938 च्या कायद्याने आठवड्याला 40 तासांवर दीडपट दर ठरवला, पण व्यावसायिकांना वगळलं. इतर बहुतेक व्यावसायिकांना वगळण्यासाठी निदान ठरावीक पगाराची अट आहे. सध्या ती आठवड्याला 684 डॉलर. शिक्षकांना ती अटसुद्धा नाही. कितीही कमी पगार असो, शिकवणं हे मुख्य काम असेल तर ओव्हरटाइम नाही. पाळणाघरात मुलं सांभाळणं हे ज्यांचं मुख्य काम, त्यांना मात्र तो मिळू शकतो.

‘लहान शाळा बंद पडतील’

हा आक्षेप गंभीर आहे. तालुक्याच्या गावी माफक फी घेऊन चालणाऱ्या शाळा आहेत, आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के आरक्षित जागांच्या फीची शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती थकते, ही शाळांची तक्रार खोटी नाही. ती रक्कम वेळेवर मिळालीच पाहिजे.

पण किमान वेतनाचं तत्त्व मालकाच्या ऐपतीवर कधीच अवलंबून नव्हतं. 1955 मध्ये अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालकाला परवडत नाही एवढ्यावरून कायदा अवैध ठरत नाही. 1982 मध्ये, एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे असं म्हटलं. गावातल्या किराणा दुकानाला, हॉटेलला, छोट्या कारखान्याला किमान वेतन चुकत नाही. शाळेलाच तेवढी सूट का?

‘हा पेशा आहे, मजुरी नव्हे’

खुद्द शिक्षकांनाही हे मनापासून वाटतं, म्हणून या आक्षेपाकडे हलकेपणाने बघता येत नाही. शिकवण्यात जीव ओतणारे लोक तास मोजत नाहीत. पण कायदा जीव ओतण्याची किंमत करत नाही. तो एवढंच म्हणतो, की या माणसाला घरभाडं, किराणा आणि औषधपाणी भागेल इतकं तरी द्या. डॉक्टर फी घेतो म्हणून त्याचा पेशा हलका होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा सूरही बदलतो आहे. गुजरातमध्ये सरकारी अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना 30,000 रुपये मिळत होते, आणि तेच काम करणाऱ्या कायम प्राध्यापकांना त्याच्या कितीतरी पट. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने या वागणुकीबद्दल कडक शब्द वापरले. समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ म्हणत राहणं पुरेसं नाही, त्यावर विश्वास असेल तर तो शिक्षकांना मिळणाऱ्या वागणुकीत दिसला पाहिजे, असं निकालात म्हटलं आहे. 1988 मध्ये उदात्तपणा हे शिक्षकाला बाहेर ठेवण्याचं कारण होतं. इथे तोच उदात्तपणा नीट पगार देण्याचं कारण झाला.

तोवर शिक्षकाच्या हातात काय आहे?

महाराष्ट्रात मान्यताप्राप्त खासगी शाळेत असाल तर ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977’ आणि त्याखालची 1981 ची नियमावली तुमच्या कामाची आहे. नियमावलीला जोडलेल्या अनुसूचीत वेतनश्रेण्या आहेत, आणि हा कायदा फक्त अनुदानित शाळांपुरता नाही. कामावरून काढलं, पदावनत केलं किंवा पदोन्नतीत डावललं तर कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत 30 दिवसांची, ती चुकवू नका. नुसता पगार कमी दिला, तर मात्र या कलमात तो विषय बसत नाही. शिक्षणाधिकारी आणि पुढे उच्च न्यायालय असा लांबचा रस्ता उरतो. गोव्यात 1984 चा शालेय शिक्षण कायदा आहे. मान्यता नसलेल्या शाळा आणि क्लास यांना यातलं काहीच लागू पडत नाही, म्हणून वेतन संहितेतली अधिसूचना सगळ्यात जास्त गरजेची आहे ती तिथे.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी हे हक्क आजही आहेत. शाळेत वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक, आहे का आणि दर महिन्याला रक्कम जमा होते का, हे उमंग अॅपवरच्या पासबुकात दिसतं. दहा किंवा जास्त माणसांच्या शाळेला ग्रॅच्युइटी लागू होते.

कागद जपा. दर वर्षीची नेमणूकपत्रं, बँकेचे उतारे, हजेरीपत्रकाचे फोटो, ‘उद्या रविवारी सर्वांनी यावे’ असे व्हॉट्सअॅपवरचे आदेश, सगळं. सेवा सलग होती की दर जूनला नव्याने सुरू होत होती, या वादात याच कागदांवर निकाल फिरतो. पगारातून रोख परत मागत असतील तर तारीख, रक्कम आणि मागणाऱ्याचं पद लिहून ठेवा.

आणि संघटनांनी मागणी नेमकी करावी. निवेदनांत सहसा जुनी पेन्शन, अनुदानाचा टप्पा, बदल्या असे मुद्दे असतात. त्यांच्याबरोबर एक ओळ वाढवावी: वेतन संहितेच्या व्याख्येनुसार खासगी शाळा, प्लेग्रुप आणि शिकवणी वर्गांतल्या शिक्षकांना राज्य शासनाने ‘कर्मचारी’ म्हणून जाहीर करावं. त्या अधिसूचनेला तिजोरीतून थेट अनुदान द्यावं लागत नाही, त्यामुळे ‘पैसा कुठून आणू’ हे नेहमीचं उत्तर इथे देता येणार नाही.